ऑइलच्या झाकणाखालची साय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की शहापूर, आसनगाव, मुरबाड, सरळगाव या पट्ट्यातल्या गॅरेजांत एक प्रश्न हटकून येतो. गाडीवाला बोनेट उघडतो, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढतो आणि त्याची आतली बाजू मेस्त्रीसमोर धरतो. तिथं पिवळट पांढरा थर बसलेला असतो. कोणी त्याला लोणी म्हणतं, कोणी साय. चेहरा मात्र सगळ्यांचा सारखाच पडलेला. ‘इंजिनात पाणी उतरलं का हो? आता खर्च किती?’

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. एक, ‘हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल.’ दुसरं, ‘पावसाळ्यात असं होतंच, फडक्यानं पूस आणि चालव.’ दोन्ही उत्तरं कधी ना कधी खरी ठरतात, म्हणून तर ती टिकून आहेत. पण न तपासता दिली की पहिल्या उत्तरानं धडधाकट इंजिन विनाकारण उघडलं जातं आणि दुसऱ्यानं आजारी इंजिन बेअरिंग जाईपर्यंत पळवलं जातं. गाडीवर घर चालत असेल, पतपेढीचा हप्ता चालू असेल, तर दोन्ही सारखंच महाग पडतं. तेव्हा ऑइलमधलं पाणी ओळखायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते आलं कुठून हे शोधायचं कसं, ते आज पाहू.

साय दिसली म्हणजे पाणी आहे, यात शंका नाही. तेल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण इंजिनाच्या पोटात क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतो. रवीनं घुसळावं तसं ते दोन्ही घुसळलं जातं. शिवाय काजळी धरून ठेवण्यासाठी ऑइलमध्ये साबणासारखी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. तीच पाण्याचे बारीक कणही धरून ठेवतात. या कणांवर उजेड विखुरतो आणि तेल दुधाळ दिसतं. म्हणजे साय एवढंच सांगते की पाणी आहे. किती आहे आणि कुठलं आहे, हे ती सांगत नाही.

आता गंमत अशी, की सगळ्यात पहिला संशयित इंजिन स्वतःच असतं. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो आणि तो जळाला की पाणी होतं. एक लिटर पेट्रोल पुरतं जळालं तर वाफेच्या रूपानं जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतं. डिझेलचंही जवळपास तेच. सकाळी गार गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब टिपकतात ते याच पाण्याचे. सीएनजीचं प्रमाण तर आणखी मोठं. एक किलो मिथेन जळालं की सव्वादोन किलो पाणी, म्हणजे तेवढंच काम करायला पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट. रिक्षावाल्यांनी आणि सीएनजीवर व्हॅन चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

यातली बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. अगदी नव्या गाडीतही. इंजिन नीट तापलेलं असेल तर त्याच्याबरोबर आलेली वाफ वाफच राहते आणि ब्रीदरच्या नळीनं वरच्या वर ओढली जाते. इंजिन गार असेल तर ती सगळ्यात गार जागा शोधते आणि तिथं तिचं पाणी होतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहा, म्हणजे कळेल. ऑइलचं झाकण इंजिनाच्या माथ्यावर, वाऱ्याला लागून असतं. साय तिथं आधी का धरते, याचं उत्तर एवढंच आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की पावसाळ्यातली दमट हवाच इंजिनात शिरून पाणी होते. हिशेब करू. ३० अंश तापमानाला हवा पाण्यानं काठोकाठ भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. इंजिनाच्या पोटात मोकळी हवा असून असून तीन-चार लिटर. त्यातलं पाणी ग्रॅमचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन-तीन थेंब. एवढ्यानं साय धरत नाही. पाऊस करतो तो दुसराच उद्योग. इंजिनाची कवचं बाहेरून गार ठेवतो आणि आतली वाफ उडू देत नाही.

इथं आपल्या दोन तालुक्यांचा फरक पाहण्यासारखा आहे. शहापूर गावाला स्टेशन नाही. लोकल धरायची तर आसनगावला यावं लागतं, अंतर तीनेक किलोमीटर. नोकरदार माणूस पहाटे मोटारसायकल काढतो, दहा मिनिटांत स्टेशन गाठतो, गाडी स्टँडवर उभी करतो आणि रात्री परत तेवढंच अंतर. मधले बारा तास गाडी पावसात गार पडलेली. समजा गाडी लिटरला ६० किलोमीटर देते. मग एका खेपेला ५० मिलिलिटर पेट्रोल जळलं आणि साधारण तेवढंच पाणी झालं. त्यातला शंभरावा भाग जरी खाली उतरला तरी अर्धा मिलिलिटर. दिवसाच्या दोन खेपा, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २५ मिलिलिटर. शंभर सीसीच्या मोटारसायकलीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर. हा अंदाजाचा हिशेब आहे, काही पाणी उडूनही जातं. पण ऑगस्टपर्यंत ऑइल चहासारखं का होतं, ते यावरून कळावं.

मुरबाडला रेल्वे अजून पोचलेली नाही. तिथला नोकरदार गाडी काढतो तो थेट कल्याणला जातो. तासभर सलग चाललेल्या इंजिनातलं ऑइल पुरतं तापतं, कालची ओल आज उडून जाते. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची गाडी, तोच पाऊस, आणि झाकण स्वच्छ. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर शहापूरची बिघडलेली आणि मुरबाडची ठणठणीत असं वाटेल. दोन्ही ठणठणीत असतात. एकीला अंग सुकवायला वेळ मिळत नाही, इतकंच.

चारचाकीवाले यावर म्हणतात, ‘आमचा काटा तर पाच मिनिटांत मधोमध येतो, मग इंजिन गार कसं?’ तो काटा पाण्याचा असतो, ऑइलचा नव्हे. पाणी लवकर तापतं. ऑइल त्याच्या बरंच मागून येतं. वीस मिनिटं, अर्धा तास सलग चालल्याशिवाय ऑइल पुरतं तापलं असं धरू नका. बाजारात जाऊन येणं, मुलाला शाळेत सोडून येणं, यानं काटा वर येतो आणि ऑइल कोमटच राहतं.

याच संदर्भात एका छोट्या झडपेबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे तिच्यावर फार अन्याय होतो. ती म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन साधारण ८० ते ८५ अंशांना येईपर्यंत ती रेडिएटरकडे जाणारा रस्ता बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर तापावं. मे महिन्यात कसारा घाटात किंवा माळशेजला गाडी तापली की पहिला बळी हिचा जातो. ‘व्हॉल्व्ह काढून टाकलाय, आता गाडी तापायची नाही!’ तापत नाही हे खरं, पण मग ती पावसाळ्यातही तापत नाही. टोकावड्याच्या रस्त्यावर चालणाऱ्या एका प्रवासी जीपची हकिगत सांगतो. झाकणाखाली साय दिसली म्हणून एका गॅरेजात हेड उतरवून नवं गॅस्केट बसवलं. पंधरा दिवसांत साय पुन्हा हजर. मालक दुसरीकडे गेला. तिथल्या मेस्त्रीनं आधी विचारलं, रेडिएटरमध्ये पाणी किती दिवसांनी घालता? मालक म्हणाला, घालावंच लागत नाही. मेस्त्रीनं थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत झडपच नव्हती. काही शे रुपयांची नवी झडप बसवली, ऑइल बदललं, आणि साय गेली. हेडच्या कामाचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

त्या मेस्त्रीचा प्रश्न हा या सगळ्या विषयातला सर्वात कामाचा प्रश्न आहे. ऑइलमध्ये रेडिएटरचं पाणी उतरत असेल, तर रेडिएटरमधलं कमी व्हायलाच हवं. साधा जमाखर्च आहे. गार इंजिन असताना, सकाळी, रेडिएटरच्या बाटलीवर पाण्याच्या रेषेशी खूण करा आणि पंधरा दिवस रोज त्याच वेळी पाहा. पाणी हललं नाही, साय फक्त झाकणाखाली आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, तर गॅस्केटला दोष देऊ नका. झाकण पुसा, गाडी एकदा तासभर सलग चालवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा. पाणी कमी होत असेल तर मात्र ते जातंय कुठे हे शोधणं भाग आहे. पाइप गळत असेल, वॉटर पंप गळत असेल; जमिनीवरचे डाग पाहा. बाहेर कुठेच थेंब नाही आणि बाटली रिकामी होतेय, तर पाणी आत जातंय.

दुचाकीचं निदान याहून सोपं. बहुतेक मोटारसायकली हवेवर गार होतात. तिथं ना रेडिएटर, ना पाणी. मग ऑइल दुधाळ झालं तर ते एक तर स्वतःच्या वाफेचं, नाही तर बाहेरून शिरलेलं. अशा गाडीत ‘पाण्याचं गॅस्केट गेलं’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं. बाहेरचं पाणी शिरतं ते ऑइलच्या झाकणाच्या कडक झालेल्या रबरी रिंगेतून, किंवा ब्रीदरची नळी सुटली असेल तर तिच्यातून. वॉशिंगवाला जोरदार फवारा नेमका तिथंच मारतो. भात लावणीच्या दिवसांत फरशीवरून वाहणाऱ्या ओढ्यातून गाडी काढणारे तर आपल्याकडे घरटी एक सापडतील. ती रबरी रिंग दहा-वीस रुपयांची असते.

ट्रॅक्टरचं थोडं वेगळं. चिखलणीला ट्रॅक्टर खाचरात उतरला की चाकं चिखलपाण्यात आणि मागच्या आसाचे ऑइल सील पाण्यात. त्यामुळे इंजिनाचं ऑइल चांगलं आणि मागच्या गिअरचं ऑइल दुधाळ, असं पुष्कळदा दिसतं. शेतकरी पुढची पट्टी पाहतो आणि निर्धास्त होतो. चिखलणी संपली की मागची पट्टीही काढून पाहा.

आता खऱ्या गळतीकडे वळू. पाण्याला ऑइलमध्ये जायला वाटा बऱ्याच आहेत, आणि हेड गॅस्केट ही त्यातली एक. पुष्कळ डिझेल गाड्यांत ऑइल कूलर असतो. त्यात एका बाजूनं ऑइल आणि दुसऱ्या बाजूनं पाणी वाहतं, मध्ये पातळ पत्रा. तो कुजला की दोन्ही एकत्र. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब काही वेळ टिकतो. मग पाणी उलट ऑइलमध्ये घुसतं. म्हणून रेडिएटरच्या तोंडाशी तेलकट चिखल आणि डिपस्टिकवर चहासारखं ऑइल, अशी जोडी दिसली तर हेड उतरवण्याआधी कूलर काढून तपासा. एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यातून हवा भरायची आणि पाण्याच्या टबात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो अगदी तसं. बुडबुडे आले की प्रश्न मिटला, आणि तोही हेडला हात न लावता.

बऱ्याच ट्रॅक्टरांत आणि जड वाहनांत ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं आणि खाली रबरी रिंगा ते अडवतात. रिंगा म्हाताऱ्या झाल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये. तिथं ऑइल काढून चेंबर खाली उतरवायचं, खाली कोरडा पुठ्ठा अंथरायचा, रेडिएटर भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग सांगतात की कितव्या लायनरखाली गळतंय. कारागिराकडे रेडिएटरला दाब देण्याचा हातपंप असेल तर रात्रभर थांबावंही लागत नाही.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि मग गाडी चालू करा. तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका; तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडून द्या. पण इंजिन चालू आहे तोवर बुडबुडे येतच राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर जळलेला वायू पाण्यात घुसतोय. सायलेन्सरचा पांढरा धूरही पाहावा, पण सबुरीनं. पावसाळी सकाळी प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते आणि ती हवेत लगेच विरते. इंजिन तापल्यावरही धूर पांढराच राहिला, मागं रेंगाळला आणि गोडसर वास आला, तर ते कूलंट जळतंय. आणि हेही लक्षात ठेवा, की गॅस्केट जाऊनही ऑइल स्वच्छ राहू शकतं. ते कुठल्या जागी फुटलंय यावर सगळं अवलंबून.

कूलंटचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. काही जुने कारागीर डिपस्टिकवरचं ऑइल जिभेला लावून पाहतात, गोड लागलं तर कूलंट. हे करू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या पाटीत ठेवलं तर कुत्रं पितं, पोरं हात घालतात. आपल्याकडे पुष्कळ जण रेडिएटरला विहिरीचं नाही तर बोअरिंगचं पाणीच घालतात. तिथं ना रंग, ना वास; निदानाची एक खूण आपण आपल्या हातानं पुसून टाकतो, आणि आतून गंज चढतो तो वेगळाच.

पाणी ऑइलमध्ये नक्की आहे का, हे घरी पाहायच्या दोन रीती. पहिली बाटलीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चेंबरचा नट हळूच सैल करून थोडं ऑइल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून मोकळं पाणी असेल तर नट सैल होताच आधी तेच येतं. बाटली दिवसभर हलवू नका. तळाला पाण्याची रेघ दिसली तर पाणी पुष्कळ आहे. नाही दिसली तरी ऑइल निर्दोष ठरत नाही, कारण घुसळलेलं पाणी सहजासहजी खाली बसत नाही.

म्हणून दुसरी रीत, तव्याची. जुना तवा घ्या. तो नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. अंगणात, पेट्रोल-डिझेलपासून लांब, तो तापवा. ज्योत पूर्ण बंद करा आणि मग लांब दांड्याच्या चमच्यानं ऑइलचे दोन थेंब टाका. चेहरा दूर ठेवा, चष्मा असेल तर लावा. फोडणीत मोहरी तडतडते तसा आवाज आला, बारीक बुडबुडे उडाले, तर पाणी आहे. कोरडं ऑइल नुसतं पसरतं, फार तर धुरकटतं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकला की फरक स्वच्छ दिसतो. हजार भागांत एखादा भाग पाणी असलं तरी ही तडतड ऐकू येते. मोठ्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांतही या परीक्षेचा नेटका प्रकार वापरतात. ट्रकांचे ताफे बाळगणारे लोक ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तिथं त्यात सोडियम-पोटॅशियम वाढलेलं सापडलं तर कूलंट उतरलंय असं समजतं, मग पाणी उडून गेलेलं का असेना. एका टेम्पोवाल्याला एवढ्याची गरज नसते.

डिपस्टिक मात्र प्रत्येकाकडे असते आणि तिच्याकडे आपण फक्त ‘कमी आहे का’ एवढ्यासाठी पाहतो. वाढलंय का, हेही पाहा. भेंडी घेऊन पहाटे कल्याणच्या बाजारात जाणारा एक टेम्पोवाला अभिमानानं सांगायचा, ‘माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट भरल्यापेक्षा जास्तच दिसतं!’ आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी तो रेडिएटरमध्ये घालत होता आणि ‘उन्हानं उडतं’ म्हणत होता. ते कुठं जात होतं, हे पट्टी रोज सांगत होती. शेवटी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला आणि मोठ्या बेअरिंगांचा आवाज आला, तेव्हा क्रँक लेथवर न्यावा लागला. पातळी वाढली पण ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही, असंही होतं. मग ते पाणी नसून इंधन असायची शक्यता जास्त. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल मोटारींत धुरातली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. गाडी नुसती गावातल्या गावात फिरली तर त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं.

पाण्यानं असं बिघडतं तरी काय? बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा केसापेक्षा बारीक पापुद्रा असतो आणि सगळा भार तो पेलतो. पाण्याला तो भार पेलवत नाही. शिवाय ऑइलमधली गंज आणि आम्ल रोखणारी द्रव्यं पाण्यामुळे वाया जातात, गाळ होतो आणि तो चेंबरमधल्या जाळीवर बसून पंपाचा घास अडवतो. कूलंट असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण पाणी तापल्यावर उडतं, पण ग्लायकॉल मागे राहतं आणि चिकट गाळ करतं. म्हणून वाफेच्या सायीवर लांबची फेरी हा उपाय आहे, कूलंटच्या गळतीवर नाही. तिथं गळती बंद करायची, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे, दहा-पंधरा मिनिटं इंजिन संथ चालवून ते ऑइल काढून टाकायचं आणि पुन्हा नवं भरायचं. चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरून इंजिन चालवून धुण्याची रीत आपल्याकडे आहे. मला ती पसंत नाही. आधीच दुखावलेल्या बेअरिंगांना त्या पातळ द्रवावर फिरवायचं कशाला? काढलेलं ऑइल नाल्यात ओतू नका. भातसा नदीचं पाणी पुढे पिसे इथून उचलून मुंबईला प्यायला जातं.

आता पुराबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीनं बदलापूर-कल्याण पट्टा बुडवला, आणि मोटारींच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. उल्हासला पूर आला की कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलावर पाणी चढतं. २०१९ आणि २०२१ च्या जुलैत हा रस्ता त्यामुळे बंद पडला होता. जुलै २०२४ मध्ये भारंगी नदीचं पाणी शहापुरात शिरलं आणि उभी केलेली वाहनं वाहून गेली. अशा वेळी गाड्यांचं मोठं नुकसान बऱ्याचदा पाणी ओसरल्यावर होतं, आणि ते मालकाच्या हातून होतं. पाणी उतरलं की माणूस धावत जाऊन सेल्फ मारतो. एअर फिल्टरमधून सिलेंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबायला बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका. बॅटरीची तार सोडा. डिपस्टिक पाहा, एअर फिल्टरचा डबा उघडून ओला आहे का ते पाहा. ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा डिझेलचे नोझल काढून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर येऊ द्यायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे आणि मगच सेल्फला हात लावायचा. तोवर गाडी ओढून न्या. बुडाल्यावर गाडी चालू करायला जाऊन झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. पुराच्या वाटेवर राहणाऱ्यांनी पुढच्या वेळी पॉलिसी घेताना एजंटाला एवढं विचारून घ्यावं. आणि गाडी हलवण्याआधी पाणी कुठवर चढलं होतं, त्या रेषेचे फोटो काढून ठेवावेत.

एक प्रकार राहिला. पावसाळ्यात काही गाड्या चालतच नाहीत. लग्नसराईची जीप असते, मुंबईला राहणाऱ्या भावाची मोटार असते, वीटभट्टीचा ट्रॅक्टर असतो. घरातला जाणता माणूस रोज सकाळी ती पाच मिनिटं चालू करून बंद करतो, ‘बॅटरी उतरू नये म्हणून’. बॅटरी त्यानं फारशी भरत नाही, आणि रोजची पाच मिनिटांची वाफ मात्र ऑइलमध्ये साठत जाते. सप्टेंबरात झाकण उघडलं की साय तयार. अशी गाडी उभीच ठेवायची असेल तर बॅटरीची एक तार सोडून उभीच ठेवा. चालू करायचीच असेल तर पंधरवड्यातून एकदा पाऊस उघडल्यावर काढा, शहापूरहून वासिंदपर्यंत नाही तर मुरबाडहून टोकावड्यापर्यंत जाऊन या, आणि आल्यावर इंजिन गार झालं की झाकण काढून पाहा.